फोटो काढा, पण मग उपटा

इकडे न्यू जर्सीत एप्रिल-मे आला की पार्कात, जंगलातल्या वाटांवर, कुंपणाच्या कडेला सगळीकडे बारीक पांढरी फुलं दिसायला लागतात आणि कोणी कौतुकाने फोटो काढत असलं की मला राहवतच नाही, गार्लिक मस्टर्ड आहे ते, तण आहे!

मोहरीच्याच खानदानातलं. जवळून बघितलं की पटतं, चार पाकळ्या फुलीसारख्या, नंतर येणाऱ्या शेंगाही तशाच बारीक, उभ्या. आणि कोवळं पान चुरगळलं की थेट लसूण. आईने हुंगून लगेच विचारलं, "चटणी करतात का गं याची?" करतात की! मूळचं युरोपातलं, तिकडून आलेल्या लोकांनी खायला नि औषधाला म्हणूनच आणलं असं म्हणतात, अमेरिकेतली पहिली नोंद 1868 मध्ये न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरची आहे. डेन्मार्क-जर्मनीत जवळपास 6000 वर्षांपूर्वीच्या मडक्यांतल्या करपलेल्या खरकट्यातसुद्धा याचे अंश सापडलेत, म्हणजे मसाला म्हणूनच घालत असणार. आम्ही केली चटणी, दाण्याचं कूट सढळ हाताने घाला, कडवट असते.

पण खाऊन संपणारं प्रकरण नाही हे. तिकडे युरोपात याला खाणारे किडे आहेत, इथे कोणी विचारत नाही, हरणं आजूबाजूचं सगळं फस्त करतात आणि हे तेवढं सोडतात. वर मुळांतून अशी रसायनं सोडतं की मेपलची रोपं ज्या बुरशीच्या आधाराने वाढतात तिचीच वाट लागते.

मला खरा राग येतो तो फुलपाखरासाठी. वेस्ट व्हर्जिनिया व्हाइट म्हणून एक आहे, ते अंडी घालतं टूथवर्ट नावाच्या इथल्याच रानरोपावर, तेही मोहरीच्याच कुळातलं, त्यामुळे मादी फसते, या गार्लिक मस्टर्डवर अंडी घालते, अळ्या पान खातात आणि मरतात. तिला बिचारीला काय कळणार.

तर उपटा. पार्कात असेल तर आधी विचारा. पाऊस पडून गेला की माती मऊ असते तेव्हा अगदी बुंध्याशी धरून हळू ओढायचं, कारण मूळ वरच्या बाजूला एस-सारखं वाकलेलं असतं, हिसका दिला की तिथेच तुटतं आणि परत फुटतं. पहिल्या वर्षी नुसती जमिनीलगत पानं असतात, फुलं दुसऱ्या वर्षी, म्हणून छोटी रोपंही सोडू नका. आणि फुललेलं झाड उपटून तिथेच टाकायचं नाही हं, पडल्या पडल्यासुद्धा बी धरतं, आणि ते बी मातीत पाच-पाच वर्षं टिकतं, सरळ पिशवीत भरून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये तर नकोच.