आमची वाटचाल : तिकीट योग्य माणसाकडे पोचवायचं काम

आमची सपोर्ट कंपनी छोटी आहे. दुसऱ्या कंपन्यांच्या लोकांचे कॉम्प्युटर, ईमेल, प्रिंटर, अकाउंटिंगची सॉफ्टवेअरं हे सगळं लांबूनच सांभाळतो. सुरुवातीला तिकीट सिस्टिम, म्हणजे प्रत्येक तक्रारीची एक 'तिकीट' म्हणून नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, वगैरे काही नव्हती, एक कॉमन मेलबॉक्स आणि ज्याला मेल दिसला त्याने उचलायचा. सगळे एकाच खोलीत बसत होते तोवर हे मस्त चाललं, "हे मी बघतो" एवढं म्हटलं की काम भागायचं. मग क्लायंट वाढले, शिफ्ट लागल्या, काही जण घरून काम करायला लागले आणि एकाच मेलला दोघं उत्तर देतायत पण त्याच्या खालचा मेल कोणी उघडलेलाच नाही असं व्हायला लागलं. तेव्हा आम्ही एक ओपन सोर्स, म्हणजे जिचा कोड सगळ्यांना खुला असतो अशी, तिकीट सिस्टिम बसवली. रिक्वेस्ट ट्रॅकर, ओएसटिकेट अशी जुनी नावं आहेत या क्षेत्रात, आणि छोट्या कंपनीला ती पुरतात असं माझं आजही मत आहे.

पण सिस्टिम आली तरी तिकीट कुणाला द्यायचं हा प्रश्न तसाच. त्यासाठी आमच्या एक सीनियर ताई डिस्पॅचर म्हणून बसायच्या, प्रत्येक तिकीट वाचायच्या आणि असाइन करायच्या. हे काम बाहेरून अगदी सोपं दिसतं. एकदा त्यांच्या शेजारी बसून बघितलं तर तिकिटात फक्त "नेट चालत नाही" आणि एक स्क्रीनशॉट, ताईंनी आधी स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख बघितली, ती काही वर्षं मागची होती. तारीख चुकली की वेबसाइटचं सर्टिफिकेट, म्हणजे तिचं मुदत असलेलं डिजिटल ओळखपत्र, वैध धरलं जात नाही आणि ब्राउझर पान उघडायला नकार देतो, म्हणजे तिकीट नेटवर्कवाल्यांकडे जायचं कारणच नाही, डेस्कटॉपवाल्याने घड्याळ नीट केलं की झालं. किंवा "प्रिंट येत नाही" असं आलं की त्या त्याच माणसाची मागची तिकिटं बघायच्या, त्याने कालच पासवर्ड बदलला असेल तर शेअर्ड प्रिंटरसाठी मशीनमध्ये जुनाच पासवर्ड साठवलेला असू शकतो, मग प्रिंटरवाल्याला पाठवून उपयोग काय! हे सगळं ताईंच्या डोक्यात होतं, आणि त्या सुट्टीवर गेल्या की तिकिटं क्यूमध्ये पडून राहायची.

म्हणून ऑटोमॅटिक असाइनमेंट. पहिला पर्याय सगळीकडे मिळतो तो राउंड रॉबिन, म्हणजे तिकिटं पाळीपाळीने वाटायची. आकड्यात समान वाटप होतं पण कामात नाही, एकाला पाच पासवर्ड रिसेट आणि दुसऱ्याला पाच सर्व्हर माइग्रेशन, म्हणजे अख्खा सर्व्हर दुसरीकडे हलवायचं मोठं काम. त्यातून ज्याची शिफ्ट संपलीय त्याच्याही नावावर तिकीट पडतं आणि सकाळपर्यंत तिथेच बसतं. त्यामुळे राउंड रॉबिन फक्त एकसारखं काम असलेल्या टीममध्येच ठेवावं असं मी कुणालाही सांगेन.

मग कीवर्डचे नियम लावले. विषयात प्रिंटर आला की हार्डवेअर, इन्व्हॉइस आला की अकाउंटिंग. सुरुवातीला बरं वाटतं, पण एका क्लायंटची जवळजवळ सगळी तिकिटं हार्डवेअरला जायला लागली, आणि शोधलं तर त्यांच्या प्रत्येक मेलच्या तळाशी छापील ओळ होती, "गरज असेल तरच हा मेल प्रिंट करा". तेव्हापासून मेल आला की आधी सही, तळटीप आणि खालचा जुना पत्रव्यवहार कापून टाकतो आणि मगच मजकूर पुढे जातो. उत्तर म्हणून आलेला मेल हेडरवरून, म्हणजे मेलसोबत येणाऱ्या तांत्रिक माहितीवरून, ओळखून जुन्याच तिकिटाला जोडतो, आणि सुट्टीची ऑटो रिप्लाय असेल तर नवीन तिकीट उघडतच नाही. त्यासाठी मेलच्या हेडरमध्ये 'ऑटो-सबमिटेड' अशी खूण 2004 पासून ठरलेली आहे, ती बघितली नाही तर दोन सिस्टिम एकमेकींना रात्रभर उत्तरं देत बसू शकतात.

खरा फरक पडला तो जुन्या तिकिटांवरून शिकणारं मॉडेल, म्हणजे नवीन तिकीट कोणत्या ग्रुपचं ते ओळखणारा प्रोग्रॅम, लावल्यावर, आणि त्यातही मॉडेलपेक्षा डेटा साफ करण्यातच जास्त वेळ गेला. तिकीट पहिल्यांदा कुणाकडे गेलं हे उत्तर धरून शिकवलं तर मशीन जुनी चुकीची वाटपच पाठ करतं, म्हणून आम्ही शेवटी कोणत्या ग्रुपने सोडवलं ते उत्तर धरलं. कॅटेगरी इतक्या होत्या की घाईत सगळे "इतर" निवडायचे, त्या मोजक्याच केल्या. शब्द मोजून चालणारी साधी पद्धत वापरली, कारण आमची तिकिटं दोन ओळींची असतात आणि साधं मॉडेल कुठल्या शब्दावरून ठरवतंय ते आमच्या माणसांना दाखवता येतं. 2018 मध्ये गूगलचं बर्ट हे भाषा समजणारं मॉडेल आलं त्यानंतरची मोठी मॉडेलं लांब आणि गोंधळलेल्या मजकुरावर चांगली चालतात हे खरं, पण दोन ओळींसाठी मी तरी आधी साधंच करून बघेन.

एकूण अचूकतेच्या आकड्यावर मात्र अजिबात विसंबू नका. समजा 100 पैकी 70 तिकिटं पासवर्डची असतील, तर डोळे मिटून सगळ्यांना "पासवर्ड" म्हणणारं मशीनही 70 टक्के बरोबर येतं आणि बॅकअप बंद पडल्याचं तिकीट भलतीकडेच पडून राहतं. प्रत्येक ग्रुपचं वेगळं बघायचं. आणि मशीनला खात्री नसेल तर तिकीट माणसाकडे जाऊ द्यायचं, कारण न वाटलेलं तिकीट निदान सगळ्यांना दिसतं, चुकीच्या क्यूमधलं तिकीट कुणालाच आपलं वाटत नाही. ताई आता फक्त अशीच अवघड तिकिटं बघतात आणि त्यांनी दिलेलं उत्तर परत मॉडेलला शिकवायला जातं.

अजून एक, मॉडेलने फक्त ग्रुप ठरवायचा, माणूस नाही. माणूस ठरतो तो शिफ्ट, रजा, हातातलं काम आणि त्या क्लायंटशी आधी कोण बोललंय यावरून. हातातलं काम मोजताना ग्राहकाच्या उत्तराची वाट बघणारी तिकिटं आम्ही वगळतो. इथे रांगांच्या गणितातला, जॉन लिटल यांनी 1961 साली सिद्ध केलेला नियम फार कामाला येतो, येण्याचा वेग गुणिले लागणारा वेळ म्हणजे उघडी कामं, दिवसाला सरासरी 40 तिकिटं येत असतील आणि प्रत्येक तिकीट सुटायला सरासरी 3 दिवस लागत असतील तर कुठल्याही वेळी साधारण 120 उघडी असणारच, मग टीमवर आरडाओरडा करून काय होणार, एकतर सुटायचा वेळ कमी करा नाहीतर येणारी तिकिटं.

आमच्याकडे रोज बघितला जाणारा आकडा म्हणजे तिकीट किती हातांतून फिरलं. किती वेळात पहिलं उत्तर गेलं हे सगळे मोजतात, पण ते "तुमची तक्रार मिळाली" असं लिहूनही साधता येतं. तिकीट तीनदा फिरलं तर समोरचा माणूस तीच कहाणी तीनदा सांगतो आणि त्याचं काम तेवढा वेळ अडलेलं असतं, हे मला मनापासून लागतं. म्हणून रिअसाइन करताना कारण लिहिल्याशिवाय बटण चालतच नाही. त्या कारणांमधूनच बहुतेक सुधारणा निघाल्या, एका ग्रुपच्या नावातच घोळ होता हेही तिथूनच कळलं.

नवीन क्लायंट आला की पहिले काही आठवडे त्यांची सगळी तिकिटं माणूसच वाटतो, कारण त्यांच्या आतल्या सॉफ्टवेअरला ते कुठल्या टोपणनावाने हाक मारतात हे मॉडेलला माहीत नसतं. आणि एक नियम मॉडेलच्याही आधी लागतो, तो मी कुणाला बदलू देत नाही. कुणी लिहिलं की लिंकवर क्लिक केलं आणि पासवर्ड टाकला, तर ते तिकीट क्यूमध्ये थांबत नाही, थेट सिक्युरिटी बघणाऱ्याकडे जातं आणि तो आधी फोन करतो, उत्तर नंतर लिहितो. त्यात दहा तिकिटं उगाच आली तरी चालतील.