कुबड असलेली बंदूक

एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढली, त्यामुळे कुठल्याही युद्धाचं वर्णन वाचताना माझं लक्ष घोडदळाकडे न जाता लेथकडे (गोल कातकाम करणाऱ्या यंत्राकडे) जातं. मागच्या वर्षी मुलगी मला मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या जुन्या सरकारी शस्त्र कारखान्यात घेऊन गेली. आता तिथे संग्रहालय आहे. ती बंदुकांच्या उंच मांडणीचे फोटो काढत बसली आणि मी ब्लँचर्ड नावाच्या संशोधकाच्या लेथपुढे खिळलो. १८२० च्या आसपासचं हे यंत्र. एका बाजूला लोखंडी नमुना फिरतो, त्यावरून एक चाक घसटत जातं आणि शेजारच्या लाकडावर कटर तोच आकार उतरवतो. बंदुकीचा वेडावाकडा दस्ता, तोही लेथवर! आम्ही ज्याला कॉपी टर्निंग म्हणायचो त्याचा हा आजोबाच.

अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांतल्या यादवी युद्धाचं खापर लोक कशाकशावर फोडतात. ‘राज्यांचे हक्क’ हे त्यातलं आवडतं. पण फुटून निघालेल्या दक्षिण कॅरोलायनाचं जाहीरपत्र वाचा. पळून आलेले गुलाम उत्तरेची राज्यं परत धाडत नाहीत, अशी त्यात तक्रार आहे. म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी आपला हक्क वापरला की यांना राग! दक्षिणेचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स यानं तर मार्च १८६१ मध्ये भर सभेत सांगून टाकलं, की आमच्या नव्या सरकारची कोनशिलाच गुलामगिरी आहे. यावर आणखी काय वाद घालायचा?

मात्र गुलामगिरी एवढी फोफावली त्यामागे एक यंत्र आहे. आखूड धाग्याच्या कापसातली सरकी हातानं काढायची तर दिवसभरात माणशी जेमतेम एक पौंड रुई निघायची. १७९३ मध्ये एलाय व्हिटनीनं जिन, म्हणजे सरकी काढायचं यंत्र, बनवलं आणि हे काम कित्येक पटींनी झपाट्यानं होऊ लागलं. सरकीचा प्रश्न सुटला, पण कापूस पेरायला आणि वेचायला माणसंच लागत होती. १७९० च्या जनगणनेत देशात सात लाखांच्या आत गुलाम होते, १८६० मध्ये साडेएकोणचाळीस लाख.

याच व्हिटनीनं १७९८ मध्ये सरकारकडून दहा हजार बंदुकांचं काम घेतलं. सुटे भाग एकमेकांना बसतील असं तो सांगत फिरला. दोन वर्षांचं काम दहा वर्षं रखडलं आणि भागही अदलाबदल होण्याइतके जुळले नाहीतच. (असे ठेकेदार मी पाहिलेत.) ते खरं करून दाखवलं जॉन हॉलनं, हार्पर्स फेरीला, १८२० च्या दशकात, ढीगभर गेज (मापं तपासायची साधनं) वापरून.

हार्पर्स फेरी हा दुसरा सरकारी कारखाना, तेव्हाच्या व्हर्जिनियात. १८५९ मध्ये जॉन ब्राऊननं गुलामांच्या हाती शस्त्रं द्यायची म्हणून छापा घातला तो इथेच. त्याला पकडायला आलेल्या तुकडीचा प्रमुख होता कर्नल रॉबर्ट ई. ली, पुढे दक्षिणेचा सेनापती झाला तोच.

पण हार्पर्स फेरीचा माझा माणूस वेगळा आहे: जेम्स बर्टन, तिथला एक वरिष्ठ कारागीर. फ्रान्सच्या मिनिएनं अशी गोळी काढली होती, की नळीत सैल उतरायची आणि बार उडाला की फुगून रायफलिंगच्या, म्हणजे नळीतल्या पिळदार, खाचांत घट्ट बसायची. फुगवण्यासाठी तिच्या बुडाशी लोखंडी वाटी होती. बर्टननं ती वाटीच काढून टाकली. शिशाचं बूड पोकळ आणि कडा पातळ ठेवली, तर वायूचा दाबच पुरतो! एक भाग कमी, एक ऑपरेशन कमी. नळी ०.५८ इंचाची, गोळी साधारण पाच थाऊ (इंचाचे हजारावे भाग) कमी. बंदुकीत काजळी साचली तरी गोळी गजानं सहज खाली जायची. मिनिटाला तीन बार आणि तीनशे यार्डांवर नेम.

आता यापुढचं लिहिताना हात आखडतो. ते मऊ, जड शिसं हाडाला लागलं की हाडाचा चुरा व्हायचा. नुसत्या उत्तरेच्या सैन्याच्या वैद्यकीय नोंदींत हातपाय कापल्याची तीस हजारांच्या घरात प्रकरणं आहेत. ३ जुलै १८६३ ला गेटिसबर्गला लीनं साडेबारा हजारांच्या आसपास माणसं पाऊण मैल उघड्या रानातून चालत पाठवली. तोफा आणि या गोळ्या, दोन्ही समोरून. निम्मे परत आले नाहीत.

लिंकनकडे स्प्रिंगफील्ड होतं. १८६० मध्ये तिथे जेमतेम दहा हजार बंदुका बनत, १८६४ मध्ये पावणेतीन लाखांच्या वर. (उथळ पाण्यात अडकलेली बोट उचलण्याच्या युक्तीचं १८४९ चं पेटंट लिंकनच्या नावावर आहे. असा राष्ट्राध्यक्ष हा एकच.) दक्षिणेचा शस्त्रप्रमुख जोसाया गोर्गस जन्मानं उत्तरेतला, पेनसिल्व्हेनियाचा, बायको अलाबामाची. त्याच्याकडे दक्षिणेच्या राजधानीतला, रिचमंडचा ट्रेडेगार लोहकारखाना सोडला तर सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं.

म्हणून हार्पर्स फेरीचं महत्त्व. १८ एप्रिल १८६१ च्या रात्री उत्तरेच्या शिबंदीनं कारखान्याला आग लावून पळ काढला. तयार बंदुका जळाल्या, पण कामगारांनी यंत्रं वाचवली. दक्षिणेनं ती उचलून काही रिचमंडला, काही उत्तर कॅरोलायनातल्या फेएटव्हिलला नेली आणि शस्त्रशाळांचा प्रमुख म्हणून नेमलं कोणाला? बर्टनला. मधल्या काळात तो इंग्लंडमध्ये एनफील्डचा बंदुकांचा कारखाना उभारून आला होता. त्याची गोळी आता दोन्हीकडून सुटत होती.

परतताना गाडीत मुलीनं रिचमंडला बनलेल्या एका बंदुकीचा फोटो मोठा करून दाखवला. “बाबा, इथे हा उंचवटा कशाला?” बंदुकीच्या घोड्याच्या पुढे, लॉकप्लेटवर (घोड्याची यंत्रणा बसते ती प्लेट), कुबडासारखा फुगवटा. बघताक्षणी हसू आलं. हार्पर्स फेरीच्या जुन्या, १८५५ च्या नमुन्यात बार पेटवायला टिकल्यांच्या रिळासारखी कागदी पट्टी बसायची, दर बाराला एक टिकली पुढे सरकायची. कागद दमट झाला की सगळं ठप्प. स्प्रिंगफील्डनं १८६१ मध्ये ती भानगड काढून प्लेट सपाट केली. रिचमंडनंही पट्टी सोडली, पण पळवून आणलेले डाय (प्लेटला आकार देणारे साचे) जुने. भर लढाईत नवा डाय कोण करत बसणार? म्हणून प्लेट निघत राहिली कुबडासकट, आत काहीही न बसवता.

मुलीला म्हटलं, “डाय बदलायला वेळ नव्हता गं त्यांना.” तिला ते फारसं पटलं नाही.