टर्की उतरल्यावर

धाकट्या भावाला ब्राऊन शुगरचं व्यसन आहे हे कळल्यावर आईनं देव पाण्यात ठेवले. मामा म्हणाला, ‘आठवडाभर कोंडून ठेवा. टर्की उतरली की पोरगा सुटला.’

माल तुटल्यावर अंगात उठणारी ती टर्की मी जवळून पाहिली. शेवटच्या पुडीनंतर आठ-दहा तासांत जांभया सुरू झाल्या, एकामागून एक, जबडा दुखेपर्यंत. मग नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, जुलाब. रात्रभर पाय झाडायचा. ‘ताई, हाडं आतून कुणीतरी पिळतंय गं,’ म्हणायचा. बघवत नाही. तरी अंगातलं पाणी कमी होऊ दिलं नाही तर धडधाकट माणूस सहसा या त्रासानं दगावत नाही. (दारूचं तसं नाही. रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम सोडली तर फिट येऊन जीव जाऊ शकतो.)

गर्दमध्ये, म्हणजे या ब्राऊन शुगरमध्ये, जीव जातो तो पुढे. काही दिवस बंद राहिलं की शरीराची सवय मोडते, आणि एखाद्या संध्याकाळी जुन्याच मापानं घेतलं की श्वास मंदावत जातो. ओठ निळे पडतात, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. माणूस घोरतोय असं वाटतं आणि घरचे त्याला झोपू देतात. भावाचा एक मित्र असाच गेला. सगळे म्हणत होते, आता बरा झालाय.

म्हणून कोंडायचं सोडून आम्ही सरकारी रुग्णालयातलं ओएसटी केंद्र, म्हणजे गर्दच्या जागी औषध देणारं केंद्र, गाठलं. भाऊ सुईवर गेला होता, आणि ही केंद्रं मुख्यतः अशांसाठीच आहेत. तिथे ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळी मोफत देतात. पहिल्या दिवशी सिस्टरनी गोळी लगेच दिली नाही, बाकावर बसवून ठेवलं. गर्दचा अंमल असताना ही गोळी दिली तर ती गर्दला हुसकावून त्याची जागा घेते आणि टर्की एकदम उसळते. हातावरची लव उभी राहिलेली दिसली तेव्हा त्यांनी गोळी कुटली, पूड त्याच्या जिभेखाली ठेवली आणि विरघळेपर्यंत समोरून हलल्या नाहीत. तासाभरानं तो म्हणाला, ‘ताई, भूक लागलीय.’ मी कॅन्टीनकडे धावतच गेले.

मामा अजून म्हणतो, एक नशा काढून दुसरी लावली. या गोळीचीही सवय लागते, एकदम बंद केली तर त्रास होतो, हे खरं आहे. पण तिचा अंमल संथ असतो, रोज ठरल्या मापानं मिळते, आणि भाऊ ती घेऊन कामावर जातो. पुडीसाठी चोरी नाही, कुणाची वापरलेली सुई नाही.

सुईनं द्यायचं ते दिलं होतंच. एचआयव्ही नव्हता, पण हिपॅटायटिस सी निघाला. त्यावर २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात मोफत औषध आहे. १२ आठवडे गोळ्या घेतल्या, आणि नंतरच्या तपासणीत विषाणू सापडला नाही.

डोस कमी करायची घाई आईला आहे, डॉक्टरांना नाही. मी डॉक्टरांच्या बाजूची आहे. कुणाच्या घरी हे चालू असेल तर १४४४६ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा, आणि जवळच्या केंद्राचा पत्ता घेताना तिथे ब्युप्रेनॉर्फिन मिळतं का हे आवर्जून विचारा.