तीन इंचांचं भोक

मागच्या महिन्यात शिकागोजवळच्या जुन्या सामानाच्या दुकानातून ग्रामोफोनची एक तबकडी आणली. दहा इंची, गाणं एकाच बाजूला. लेबलवर ‘अरेटिनो’. मधलं भोक तब्बल ३ इंचांचं! नेहमीच्या तबकडीचं जेमतेम ७ मिलिमीटरचं असतं.

सध्या सांगलीहून बाबा आलेत. आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस. भोकाच्या कडेवरून बोट फिरवून म्हणाले, “फुटलेलं नाही गं हे. मुद्दाम ठेवलंय.”

मुद्दामच. त्या काळी अमेरिकेत तबकडीची मुख्य पेटंटं व्हिक्टर आणि कोलंबिया या दोन कंपन्यांकडे होती. दुसऱ्या कुणी तबकड्या काढल्या की खटला. लीड्स अँड कॅटलिन ही कंपनी १९०९ मध्ये सुप्रीम कोर्टात हरली ती अशीच. शिकागोच्या काही व्यापाऱ्यांनी त्याआधीच कोलंबियाकडूनच माल घेऊन त्यावर आपलं लेबल लावायला सुरुवात केली होती. दुकानात ठरावीक रकमेची खरेदी केली की ग्रामोफोनचं यंत्र फुकट किंवा नाममात्र किमतीत. पण त्याचा मधला खुंटा जाड, त्यामुळे बाजारातली साधी तबकडी त्यावर बसायचीच नाही. यंत्र ज्याचं, तबकड्याही त्याच्याच घ्यायच्या. ‘स्टँडर्ड’चं भोक ९/१६ इंच (बाबांच्या भाषेत साडेचार सूत), ‘हार्मनी’चं पाऊण इंच, ‘युनायटेड’चं दीड आणि आर्थर ओ’नील यांच्या अरेटिनोचं थेट तीन. लेबलाची बांगडीएवढी पट्टी तेवढी उरते.

भोकाचं मी समजू शकते, धंदा आहे. पण माझ्या तबकडीवर गाण्याचं नाव आहे, दुकानदाराचा छाप आहे, गाणाऱ्याचं नाव नाही, ते मला सहन होत नाही. एक माणूस कर्ण्यात तोंड घालून जीव तोडून गायला आणि त्यालाच वगळलं! (तबकडीतली लाख तर बहुधा आपल्याकडचीच. तेव्हा जगाला लाख मुख्यतः हिंदुस्थानातून जायची.)

बाबांनी गॅरेजमध्ये बसून भोकात बसेल असा लाकडी बूश केला. दोनदा घासला, तिसऱ्यांदा घट्ट बसला. गाणं लागलं. खरखरीतून वर येणारा एक कोवळा, स्वच्छ आवाज. बाबा उभ्याउभ्याच ऐकत राहिले.

तबकडी दिव्याखाली तिरपी धरली तेव्हा लेबलाच्या कडेला लाखेत उठलेला आकडा दिसला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या ध्वनिमुद्रण सूचीत तो कोलंबियाच्या नोंदींत सापडला: हेन्री बर. तेही टोपणनाव. माणसाचं खरं नाव हॅरी मॅक्लास्की, जन्म कॅनडातला.

पाकिटावर पेन्सिलीने काय लिहू, असं बाबांना विचारलं.

“दोन्ही लिही,” ते म्हणाले. “खरं आधी.”