एप्रिलातला अरबी समुद्र: जाळं कुठल्या खोलीवर सोडायचं?

प्लवक, म्हणजे पाण्याबरोबर तरंगणारे बारीक जीव, गोळा करायला मुरगावहून निघालेलं संशोधन जहाज खोल समुद्रात पोचलं तेव्हा वारा पडला होता. पाणी गर्द निळं, वरचं तापमान ३० अंशांच्या घरात. इतकं निळं पाणी म्हणजे उपाशी पाणी. तापलेला हलका थर वर झाकणासारखा बसतो, नायट्रेट, म्हणजे सूक्ष्म वनस्पतींचं खत, खालच्या थंड पाण्यात अडकतं. वर दिसले ते ट्रायकोडेस्मियम या तरंगत्या जिवाणूचे पिवळट पट्टे. त्याला पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायू वापरता येतो, म्हणून त्याचं निभतं.

खरी वस्ती खाली. सीटीडी (खोलीनुसार खारटपणा, तापमान मोजणारं यंत्र, भोवती पाण्याच्या नमुन्याच्या बाटल्या) पाण्यात उतरली की चहाला जाऊ नका, स्क्रीनसमोर बसा. तापमानाची रेघ तीसेक मीटरपर्यंत सरळ जाते, मग झपकन वळते. त्या उतारावर, आमच्याकडे ५० ते ६० मीटरच्या मध्ये, क्लोरोफिलचा फुगवटा, म्हणजे सूक्ष्म वनस्पतींची सर्वांत दाट गर्दी. दीडशे मीटरच्या सुमारास ऑक्सिजन जवळजवळ शून्यावर, आणि पार हजार मीटरच्या आसपासपर्यंत तो फारसा सावरत नाही. बाटल्या वर येताना बंद करतात, त्यामुळे खोली ठरवायला वेळ मिळतो. बरेच जण घरूनच १०, २५, ५०, ७५, १०० मीटर असा खोलींचा तक्ता आणतात. माझं ऐकाल तर तो बॅगेतच ठेवा. फुगवटा दोन आकड्यांच्या मधून सहज निसटतो.

मल्टीनेटचंही तेच. एकाच चौकटीत पाच जाळी असतात, ती थरांच्या सीमांवर उघडा-मिटा. आणि एकच स्टेशन (नमुने घ्यायची ठरलेली जागा) दुपारी व मध्यरात्री, दोन्ही वेळा करा, झोपेचं खोबरं झालं तरी. दुपारी वरच्या थरातल्या जाळ्याच्या बाटलीत रात्रीपेक्षा कमी सापडतं. रात्री तिथेच खालून वर आलेले कोपेपॉड आणि क्रिल (दोन्ही कोळंबीचे छोटे नातेवाईक), बोटभर लांबीचे मिक्टोफिड मासे. त्यात प्ल्युरोमामा शोधा: दोनेक मिलिमीटरचा कोपेपॉड, एकाच कुशीवर काळपट ठिपका, साध्या भिंगातून ओळखू येतो. दिवसभर हे बेणं ऑक्सिजन नसलेल्या थरात दडून बसतं. बहुतेक शिकारी तिथे फिरकत नाहीत. मिक्टोफिड मात्र तिथेही पोचतात.

उलटीची गोळी जहाज सुटण्याआधी घ्या. लॅबमधल्या एसीसाठी स्वेटर हवाच. बाटलीतून पहिला नमुना ऑक्सिजनचा, नळी तळाला टेकवून, एकही बुडबुडा न येऊ देता. लेबल पेन्सिलीने ट्रेसिंग पेपरवर लिहून नमुन्याच्या आतच टाका. जाळ्यात सॅल्पचा (पारदर्शक, पाण्याने भरलेला प्राणी) गिळगिळीत ढीग आला तर तो मोजून वेगळ्या बाटलीत काढा, नाहीतर नमुना टिकवणारं फॉर्मलिन पातळ होऊन अख्खा नमुना नासतो.