बिग थंडरच्या पलीकडे काय?

ऑरलँडोला जूनमध्ये जाऊ नये, असं जो तो सांगतो आणि त्यात खोटं काहीच नाही. सकाळी दहालाच घाम निथळायला लागतो, दुपारी आभाळ भरून येतं, विजा कडाडतात, तासभर धो धो कोसळतं आणि परत ऊन. पण टँपाहून भाचीचा निरोपच तसा होता: "मावशी, यायचं तर जुलैच्या आधी ये. नंतर नदी नसेल."

नदी म्हणजे फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम या बागेतली 'रिव्हर्स ऑफ अमेरिका'. खणून पाणी भरलेली, मध्ये टॉम सॉयरचं बेट आणि बेटाला फेरी मारणारी 'लिबर्टी बेल' ही वाफेची बोट. 6 जुलै 2025 हा या सगळ्याचा शेवटचा दिवस. मग नदी बुजवून तिथे 'कार्स' या अ‍ॅनिमेशनपटातल्या मोटारी डोंगरदऱ्यांतून धावणार, हे कंपनीने सांगून टाकलं होतं. भाचीचा जीव मात्र त्याच्याही मागे अडकलेला, बिग थंडर या रोलर कोस्टरच्या बनावट डोंगराच्या पलीकडे. तिथे 'व्हिलन्स लँड' होऊ घातली आहे. डिस्नेच्या सिनेमांतले झाडून सगळे दुष्ट एका ठिकाणी! 2022च्या डिस्ने-चाहत्यांच्या मेळाव्यात "बिग थंडरच्या पलीकडे काय असेल बरं?" असं म्हणून नुसती खुंटी मारून ठेवली होती. ऑगस्ट 2024मध्ये अनाहाइमला त्याच डी23 नावाच्या मेळाव्यात रीतसर घोषणा झाली. सांगितलं काय? दोन मोठ्या राइड, खाणं, खरेदी. एक चित्र दाखवलं. कोणते खलनायक, कसल्या राइड, उघडणार कधी, याचा तेव्हा पत्ता नव्हता.

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! एवढ्या भांडवलावर तिथले चाहते वर्षभर हमरीतुमरीवर आले होते, आणि आमची भाची त्यांत पुढे.

इथे गाडी लावली म्हणजे पोचलो असं होत नाही. वाहनतळ आणि बागेचा दरवाजा यांच्यामध्ये एक अख्खं तळं आडवं आहे, तेही माणसांनीच खणलेलं. मोनोरेलने जा नाहीतर फेरीबोटीने. आम्ही बोट घेतली. वारा लागला तशी भाचीची गाडी सुरू झाली. "हे अंदाज बांधणं काही आम्ही नाही सुरू केलं. हे पार्कच अफवेतून आलंय."

गोष्ट अशी. 1964-65च्या सुमारास मध्य फ्लोरिडातली दलदल, रानं, गायरानं कोणीतरी गुपचूप विकत घेत होतं. नाव कुणाचंच कळेना, कारण खरेदी वेगवेगळ्या बनावट कंपन्यांच्या नावावर. 27 हजारांहून जास्त एकर, सगळे मिळून सुमारे 50 लाख डॉलरला. गावात तर्कांना ऊत आला: विमानांचा कारखाना येतोय, मोटारींचा येतोय. 'ऑरलँडो सेंटिनेल'ची एमिली बावर ही बातमीदार त्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडला गेली होती. तिने वॉल्ट डिस्नेला तोंडावरच विचारलं, की ती जमीन तुम्ही घेताय का? त्याने कानांवर हात ठेवले खरे, पण तो दचकलाय हे हिच्या नजरेतून सुटलं नाही, आणि फ्लोरिडात जागा घेण्यात रस नसलेल्या माणसाला तिथली नको इतकी माहिती होती. ऑक्टोबर 1965मध्ये पेपराने पहिल्या पानावर छापलं, की तो गूढ उद्योग म्हणजे डिस्ने. लगोलग गव्हर्नरने दुजोरा दिला. ज्यांनी आदल्या वर्षी कवडीमोलाने जमिनी विकल्या होत्या त्यांचं काय झालं असेल, हे मावळात नाहीतर नवी मुंबईत जमीन गेलेल्या कुणालाही विचारावं.

मला वाटलं, कंपनी ही गोष्ट झाकून ठेवत असेल. छे! मेन स्ट्रीटवर भाचीने मला एका दुकानाखाली उभं केलं आणि वरची खिडकी दाखवली. काचेवर सोनेरी अक्षरांत 'एम. टी. लॉट कंपनी, जमीनजुमल्यातील गुंतवणूक'. भरभर म्हणून पाहा, 'एम्प्टी लॉट', म्हणजे रिकामा प्लॉट, असं ऐकू येतं. खाली तिच्या उपकंपन्यांची नावं: टॉमाहॉक प्रॉपर्टीज, कंपास ईस्ट, आणि एक 'आयफोर कॉर्पोरेशन'. शेजारून जाणारा महामार्गच आय-4. हीच ती जमिनी लाटायला काढलेली नावं, आता खिडकीत शोभेला. खालून हजारो माणसं आइस्क्रीम चाटत जात होती, वर कोणी बघत नव्हतं.

बागेतल्या फ्रंटियरलँड या भागाच्या टोकाला बिग थंडरची रोलर कोस्टर जानेवारीपासून दुरुस्तीसाठी बंद होती, भोवती फळ्यांची भिंत. मुंबईत मेट्रोचे पत्रे बघून आमची नजर मेली आहे. पत्र्याआड काय चाललंय, कोण बघतंय? इथे मात्र माणसं पोरांना खांद्यावर बसवून फोन वर धरत होती. एक गृहस्थ फळ्यांच्या फटीला डोळा लावून इतका वेळ उभे, की त्यांच्या बायकोने त्यांची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घातली तरी त्यांना समजलं नाही.

मग बोट. लिबर्टी बेल दिसायला नाजूक, पांढरी, तीन मजली, मागे लाल चाक. बॉयलर खरा होता, वाफेवरच चाक फिरायचं. फक्त सुकाणूला काम नव्हतं, कारण बोट पाण्याखालच्या रुळावरून चालायची. म्हणजे चुकायची सोयच नाही. 1971पासून ही फेरी सुरू होती. मार्क ट्वेनच्या आवाजातलं निवेदन, सतराएक मिनिटांची संथ सैर, काठाला कोळ्याची झोपडी, तिथे एक यांत्रिक म्हातारा आणि पाण्यात उसळणाऱ्या माशाकडे टक लावून बसलेला त्याचा कुत्रा. त्या कुत्र्याचा कान हलत होता. मला तो फार आवडला. त्याचं पुढे काय होणार, हे कुणालाच विचारावंसं वाटलं नाही.

वरच्या डेकवर मात्र कुत्र्याकडे पाठ फिरवून सगळे उत्तर-पश्चिमेच्या झाडीकडे तोंड करून उभे. एका जोडप्याकडे छापील नकाशा होता, त्यावर लाल पेनाने चौकोन काढलेले. भाचीने ओळखदेख नसताना नकाशात डोकं घातलं आणि बोट धक्क्याला लागेपर्यंत तिघांची संसद भरली. मला त्यातून जे उमजलं ते खरंच हुशारीचं आहे.

फ्लोरिडात जमीन सपाट, पाणी हाताभर खाली. त्यामुळे कुठेही बांधकाम करायचं तर पावसाचं पाणी कुठे जाणार याचा हिशोब 'दक्षिण फ्लोरिडा पाणी व्यवस्थापन जिल्हा' या सरकारी संस्थेला द्यावा लागतो. तळं बुजवलंत तर तेवढं पाणी दुसरीकडे कसं मुरवणार? नवं छप्पर किती, फरसबंदी किती, हिरवळ किती? हा अर्ज सार्वजनिक असतो. कंपनी राइडचं नाव लपवते, चित्र लपवते, पण छपराचा आकार लपवता येत नाही. मग हे लोक तो आराखडा घेतात, उपग्रहाच्या छायाचित्रावर चिकटवतात आणि मोजतात. एवढं लांबरुंद सपाट छप्पर म्हणजे आत राइडचं गोदामवजा घर असणार, त्याला हे 'शो बिल्डिंग' म्हणतात. आजवरच्या राइडच्या छपरांशी ताडून बघायचं: बसून अंधारातून जायची राइड इतक्यात मावते, कोस्टरला इतकं लागतं. शिवाय काम सुरू करण्याची नोटीस काउंटीच्या दप्तरात येते. हेलिकॉप्टरमधून फोटो काढणारेही आहेत. आमच्याकडे तलाठ्याच्या कचेरीतून सात-बारा काढताना दमछाक होते, इथे माणसं छंद म्हणून गटारांचे नकाशे वाचतात!

पण गटारांचा नकाशा खलनायकाचं नाव सांगत नाही. तिथून पुढे सगळी मनाची राज्यं. नकाशावाल्या बाईंचं मत, मुख्य राइड 'स्लीपिंग ब्यूटी'तल्या चेटकिणीची, मॅलेफिसेंटचीच, ड्रॅगनसकट, आणि ती कोस्टरच. नवऱ्याला 'लिटल मर्मेड'मधली अर्सुला हवी, पाण्यातून जाणारी. भाचीचा पक्ष असा की एकाच खलनायकाची राइड केली तर बाकीचे नुसते दुकानांच्या पाट्यांवर उरतील, म्हणून एक राइड सगळ्यांची मिळून हवी. 'पीटर पॅन'मधला हुक फार विनोदी झालाय, तो हॉटेलात जाऊ दे. '101 डाल्मेशियन्स'मधली क्रुएला कपड्यांच्या दुकानात. 'हर्क्युलिस'मधल्या हेडीसला कोणी विचारत नव्हतं, तेव्हा मीच त्याची बाजू घेतली.

माझी शंका वेगळीच होती. अंधाराची जागा बनवायची आणि डोक्यावर फ्लोरिडाचं बाराचं ऊन? वेड्यावाकड्या झाडांच्या बुंध्याशी सनस्क्रीन थापणारी कुटुंबं बसली की मॅलेफिसेंटचा काय धाक राहणार? खलनायकाला सावली लागते. सिनेमात ती फुकट मिळते, इथे बांधावी लागेल: उंच कडे, अरुंद गल्ल्या, छपरं. म्हणून मला तर त्या दोन राइडपेक्षा मधली वाट कशी करतात याचीच उत्सुकता आहे. भाची म्हणाली, हा मुद्दा तिथे कोणी फारसा काढत नाही. राइडवर भांडायला मजा येते, छपराच्या पागोळ्यांवर कोण भांडणार?

आणि भीती? ती यांना झेपेल का, हाही प्रश्नच आहे. याच बागेत 1971मध्ये पहिल्याच दिवशी स्नोव्हाइटची राइड सुरू झाली. तिच्यात स्नोव्हाइट दिसायचीच नाही, कारण स्नोव्हाइट म्हणजे तुम्ही. अंधारात दर वळणावर चेटकीण समोर, आणि शेवट गोड नव्हताच. पोरं भोकाड पसरायची. 1994मध्ये राइड सौम्य केली, राजकन्या दाखवली, आणि 2012मध्ये बंदच केली. आज त्या जागी राजकन्यांना भेटायचा दिवाणखाना आहे. जवळच टोड नावाच्या बेडकाची राइड होती, तिच्या शेवटी आगगाडीला धडकून प्रवासी थेट नरकात जायचे. ती 1998मध्ये गेली, तेव्हा चाहते हिरवे टी-शर्ट घालून निषेधाला जमले होते. म्हणजे या कंपनीला घाबरवता येतं, पण घाबरवून झाल्यावर तिला स्वतःलाच कसंसं होतं. निळूभाऊ पडद्यावर आले की आमची आई शिव्या द्यायची, पण सिनेमा चुकवायची नाही. तो हिशोब यांना जमायला हवा.

दुसऱ्या दिवशी डिस्ने वर्ल्डच्याच अ‍ॅनिमल किंगडम या पार्कला गेलो. भाचीने मुद्दाम नेलं, कारण तिच्या मते अंदाजांची खरी शाळा तिथे आहे. 1998मध्ये हे पार्क उघडलं तेव्हा ठरलं होतं की खरे प्राणी, नामशेष प्राणी आणि काल्पनिक प्राणी, असे तिन्ही असतील. काल्पनिकांसाठी ड्रॅगन आणि युनिकॉर्नची एक अख्खी लँड योजली होती. आधी डायनोसॉरचा भाग बांधला, काल्पनिक मागे राहिले आणि राहिलेच. पण पार्कच्या बोधचिन्हात प्राण्यांच्या रांगेत ड्रॅगन आधीच बसला होता, तो तसाच आहे. वाहनतळाच्या एका भागाचं नाव आजही युनिकॉर्न. चाहते वर्षानुवर्षं हे पुरावे दाखवत राहिले, की बघा, येणारच! आलं ते निराळंच. 2011मध्ये 'अवतार' सिनेमातल्या पँडोरा या जगाच्या लँडची घोषणा झाली, तेव्हा निम्मे म्हणाले बांधणार नाहीत आणि उरलेले म्हणाले बांधू नये. 27 मे 2017ला ती उघडली. आम्ही गेलो तेव्हा पँडोराच्या उडत्या राइडला पार्कातली सगळ्यात लांब रांग होती. आणि ज्यांच्यासाठी ड्रॅगन मागे पडला, त्या डायनोसॉरांची जागा अर्धी फळ्यांआड गेली होती, कारण तिथे 2027मध्ये 'एन्कान्टो' आणि इंडियाना जोन्स यायचे आहेत.

त्या लांब रांगेत आमची पैज लागली. भाची म्हणते मुख्य राइड मॅलेफिसेंटची, आणि कोस्टर. मी म्हणते कोस्टर करतील, पण मॅलेफिसेंटला किल्ल्यावर नुसती उभी करतील आणि पैसे राइडवर नाही, कड्यांवर जास्त लागतील. हरेल तिने पुढचं तिकीट काढायचं, विमानाचं नव्हे, पार्कचं. विमानाचं म्हटल्यावर भाची लगेच कबूल झाली होती, तेव्हाच मला शंका आली, की हिच्याकडे मी न पाहिलेला एखादा नकाशा असणार.