माझा अनुभव : शून्य येईपर्यंतचे सतरा दिवस

हवेतला पारा मोजायचा, तर आधी पारा नसलेली हवा मोजून दाखवावी लागते. यंत्राला कार्बनमधून गाळलेली हवा दिली की पडद्यावर शून्य यायला हवं. माझ्याकडे ०.४ येत होतं.

०.४ नॅनोग्रॅम प्रति घनमीटर म्हणजे ऐकायला काहीच नाही; नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. पण उत्तर गोलार्धात वस्तीपासून लांबच्या हवेत पारा असतो साधारण १.५ आणि दक्षिण गोलार्धात १ च्या आसपास. म्हणजे माझी चूक जवळजवळ दोन गोलार्धांतल्या फरकाएवढी! आयर्लंडचं मेस हेड, दक्षिण आफ्रिकेचं केप पॉइंट, कॅनडाचं अलर्ट, आपल्याकडचं कोडाईकनाल, अशा ठिकाणचे आकडे शेजारीशेजारी ठेवले तरच जगातल्या पाऱ्याचा हिशेब लागतो. पाऱ्याची वाफ कित्येक महिने हवेत राहते आणि एका खंडातून दुसऱ्या खंडात पोचते. त्यामुळे माझा एक खोटा आकडा फक्त माझा राहणार नव्हता.

यंत्राचं काम सोन्यावर चालतं. पाऱ्याचा हात लागला की अंगठी पांढरी पडते, हे कुठलाही सोनार सांगेल. यंत्रातही तेच होतं. सोन्याच्या दोन नळ्या असतात, एक हवेतला पारा धरते तेव्हा दुसरी तापवून मोकळी केली जाते. निघालेली वाफ आर्गॉन वायूबरोबर पुढे जाते आणि २५३.७ नॅनोमीटरच्या प्रकाशात चमकते, ती चमक मोजायची. पाच मिनिटांत पाच लिटर हवा ओढली, तर तिच्यात पारा असतो जेमतेम साडेसात पिकोग्रॅम, आणि पिकोग्रॅम म्हणजे नॅनोग्रॅमचाही हजारावा भाग. एवढ्याशा गोष्टीला कुठूनही काहीही चिकटतं.

मी आधी कार्बनचा डबा बदलला. मग फिल्टर. मग आर्गॉनच्या सिलिंडरवर संशय घेतला. आठ दिवस यातच गेले. नवव्या दिवशी वहीत मागची पानं चाळताना दिसलं, की सोमवारी सकाळी आकडा सगळ्यात जास्त आणि खिडक्या उघड्या असलेल्या दुपारी सगळ्यात कमी. म्हणजे पारा बाहेरून येत नव्हता, खोलीतच होता आणि कुठल्यातरी फटीतून नळीत शिरत होता.

फट सापडली. टेफ्लॉनच्या नळीचा एक जोड अर्धा फेरा सैल होता. तो आवळल्यावर आकडा ०.१ वर आला, पण शून्य नाही. आणि खोलीतला पारा कुठला, हे कोडं राहिलंच होतं. तेव्हा आमच्या प्रयोगशाळेतले काका म्हणाले, "ताई, शेजारच्या कपाटात ते जुनं बीपीचं मशीन आहे ना, काचेच्या नळीचं, ते बघितलंत का?"

खालचा खण ओढला, तर कोपऱ्यात मोहरीएवढे सात-आठ मणी टॉर्चच्या उजेडात लुकलुकत होते. झाडू लावला तर ते फुटून सगळीकडे पसरतात, म्हणून काकांनी कुणाला हात लावू दिला नाही. खिडक्या उघडल्या, हातमोजे घातले, ड्रॉपरने एकेक मणी उचलून पाण्याच्या बाटलीत टाकला, झाकण घट्ट लावलं. फटीत गंधकाची पूड भरली. मशीन आणि बाटली घातक कचरा नेणाऱ्यांकडे दिली. इतकी वर्षं ते तिथे होतं आणि त्या खोलीत माणसं डबा खात होती, याचा मला अजून राग येतो.

पुढचे काही दिवस खोली उघडी ठेवली. सतराव्या दिवशी शून्य आलं.

मग सुईची परीक्षा. काचेच्या बंद भांड्यात पाऱ्याचा थेंब असतो, वर त्याची वाफ. २० अंशांना एक मिलिलिटर वाफेत सुमारे १३ नॅनोग्रॅम पारा. त्यातली दहा मायक्रोलिटर सिरिंजने यंत्रात सोडायची आणि तेवढाच पारा यंत्राने दाखवायचा. भांडं खोलीपेक्षा जरा गार ठेवावं लागतं, नाहीतर वाफ सुईतच जमते. पहिल्या दिवशी माझे आकडे वरखाली होत राहिले. सरांनी बघितलं आणि म्हणाले, "सिरिंज मुठीत धरू नकोस, तुझ्या हाताची ऊब लागते तिला." दोन बोटांनी वरच्या टोकाला धरायला लागले आणि सलग दहा वेळा आकडे जुळले.

माझं माहेर मालवणचं. घरी मोरी (शार्क), कुपा (टूना) ताटात असतात. हवेतला पारा पावसाबरोबर आणि थेट पाण्यात उतरतो, जिवाणू त्याचा मिथाइल पारा, म्हणजे अंगात साठणारं विषारी रूप करतात, आणि मासा जेवढा मोठा तेवढा तो जास्त साठतो. कोळशाची वीजकेंद्रं, सोन्याच्या लहान खाणी, सगळ्यांचा धूर शेवटी तिथे पोचतो. पारा कमी करण्यासाठी देशांनी केलेला मिनामाता करार १६ ऑगस्ट २०१७ ला लागू झाला. पारा खरंच कमी होतोय का, हे मात्र अशा खोल्यांमधून येणाऱ्या आकड्यांवरूनच कळणार आहे.

जुलैत नैऋत्येचे वारे पक्के झाले. विषुववृत्ताच्या पलीकडून येणारी ती हवा. एका रात्री पाऊस झोडपत होता, आणि पडद्यावर दर पाच मिनिटांनी आकडा थोडा थोडा खाली येत होता. पहाटेपर्यंत मी खुर्चीतून उठले नाही. दोन्ही नळ्या एकच सांगत होत्या.